दांडीवर ३१, जमिनीवर १५: शरदातल्या एका बॅचचं प्रकरण

कोंबडीची १२० पिल्लं आली, सातव्या दिवशी मोजली तर १०७ भरली. पहिल्या आठवड्यात शेकड्याला एखादं पिल्लू जाणार हे धरूनच चालायचं असतं. इथे शेकड्याला जवळजवळ ११ गेली. रोग नव्हता, खाद्य खराब नव्हतं, पिल्लंही चांगल्या प्रतीची होती. त्याच वर्षी उन्हाळ्यात याच खोलीत, याच दिव्यांखाली मी १०० पिल्लं वाढवली होती आणि त्यातली दोनच गेली होती. माझा घात त्या उन्हाळ्याच्या यशानेच केला, म्हणून हे प्रकरण तारीखवार नोंदींवरून लिहून काढतोय.

पिल्लं अंड्यांसाठी पाळायच्या जातीची होती. शरदात पिल्लं का आणली, तर साडेचार-पाच महिन्यांनी ती अंड्यावर येतात तेव्हा दिवस वाढत असतो, आणि वाढत्या उजेडात तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, लवकर अंड्यावर येतात. हिशेब चुकीचा नव्हता. पण पाच महिन्यांनंतरच्या उजेडाचा विचार करणाऱ्याने पहिल्या पाच रात्रींच्या गारठ्याचाही करायला हवा होता.

खोली दहा बाय बाराची, खाली सिमेंटची जमीन, वर पत्रा, एक दार, समोरासमोर दोन खिडक्या. मधोमध पुठ्ठ्याचा दीड फूट उंचीचा चिकगार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं कुंपण, गोल उभा केला होता, व्यास साधारण साडेसहा फूट. त्यावर आडवी दांडी आणि दांडीला २५० वॅटचे दोन लाल इन्फ्रारेड दिवे, जमिनीपासून दीड फुटावर. खाली लाकडाचा भुसा, तोही जेमतेम दीड इंच, कारण उन्हाळ्यात तेवढाच पुरला होता. तापमापक दांडीलाच अडकवला होता, माझ्या छातीच्या उंचीवर. वाचायला वाकावं लागू नये म्हणून! ही गोष्ट पुढे महागात पडली.

पिल्लं संध्याकाळी सहाला आली, नऊ तासांचा प्रवास करून. दिवे मी चारला लावले होते. दोन तासांत तापमापक ३३ अंशांवर गेला होता आणि पहिल्या आठवड्यात हवं असतं ३२ ते ३५, तेव्हा मी निश्चिंत. प्रत्येक पिल्लाची चोच पाण्यात बुडवली, खाद्य कागदावर पसरलं, तासभर बसून बघितलं. पिल्लं दिव्याखाली पांगून बसली होती, काही टिपत होती. दहाला मी झोपायला गेलो.

पहाटे साडेपाचला जाग आली ती आवाजाने. पिल्लांची कुजबुज आणि पिल्लांचा आक्रोश यांत फरक असतो; ज्याने एकदा ऐकलाय त्याला दाराबाहेरूनच कळतं. सुखात असलेली पिल्लं मंद, तुटक बोलतात. थंडी वाजणारी पिल्लं एका सुरात, उंच आणि न थांबता ओरडतात. आत गेलो तर सगळी दाराच्या विरुद्ध बाजूला चिकगार्डला चिकटून ढीग करून बसलेली, एकावर एक तीन थर. दिव्याखाली मोजून सात-आठ. हाताने ढीग मोकळा केला तेव्हा तळाशी चार पिल्लं चपटी होऊन मेलेली सापडली. अंग ओलसर, मान लांब झालेली. दांडीवर तापमापक ३१ दाखवत होता.

त्या ३१ मुळे माझा अख्खा एक दिवस वाया गेला. ऊब पुरेशी आहे, मग पिल्लं दिव्यापासून पळतायत का? प्रवासाचा शीण असेल, कसल्यातरी आवाजाने घाबरली असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं. खरं तर ढीग कुठे झाला होता हेच उत्तर होतं. पिल्लं दिव्याखाली दाटीने बसली तर एकूणच थंडी आहे. दिव्यापासून लांब कडेला, चोची उघड्या टाकून बसली तर उकडतंय. आणि सगळी एकाच बाजूला गेली तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. दाराच्या खालच्या फटीतून जमिनीलगत गार हवेची धार येत होती आणि ती थेट दिव्याखालून जात होती. मी उभा होतो तिथे त्याचा मागमूस नव्हता. पिल्लाची उंची असते दोन-अडीच इंच.

दुसरा दिवस उलटा गेला. शरदाचं ऊन फसवं असतं. अकरानंतर पत्रा तापला आणि दुपारी दोनला बाहेर २८ अंश होते. आत पिल्लं गोलाच्या कडेला पसरून, पंख सोडून धापा टाकत होती. मी एक दिवा बंद केला. तोही निर्णय त्या क्षणापुरता बरोबर होता. पण सूर्य साडेपाचच्या सुमारास कलला आणि मला तो दिवा लावायची आठवण झाली रात्री आठला. म्हणजे ज्या पिल्लांना पहाटे गारठून ढीग करावा लागला, तीच दुपारी भाजली आणि संध्याकाळी पुन्हा गारठली, तीही २४ तासांच्या आत.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. एक दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर असते ती नुसती लव. शरीराचं तापमान ४० अंशांच्या आसपास राखावं लागतं, पण ते राखायची यंत्रणा तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात. तोवर ते बाहेरच्या उबेवर चालतं. थंडी लागली की पिल्लू आधी हालचाल थांबवतं, मग खाद्य-पाण्याकडे जाणं थांबवतं, कारण खाद्य असतं थंड जागेत आणि ऊब असते दुसऱ्या पिल्लाच्या पोटाखाली. पोटात अंड्यातून आलेला बलक शिल्लक असतो, तो पहिल्या तीन-चार दिवसांत शोषला जायला हवा. गारठलेल्या, न खाणाऱ्या पिल्लात तो नीट शोषला जात नाही आणि तसाच पडून राहतो. म्हणून थंडीने मरणारं पिल्लू बहुतेक वेळा थंडीच्या रात्री मरत नाही. ते तीन, चार, पाच दिवसांनी मरतं, आणि तेव्हा पाळणारा औषधाची बाटली शोधत असतो.

मीही शोधतच होतो. तिसऱ्या दिवशी १७ पिल्लांच्या गुदद्वारावर विष्ठा चिकटून घट्ट गोळा झालेला दिसला आणि संध्याकाळपर्यंत आणखी तीन गेली. पिल्लंच रोगट दिली असणार असा संशय घेऊन मी मोकळा झालो होतो. अँटिबायोटिक पाण्यात टाकायच्या बेतात होतो, पण त्याआधी ओळखीच्या पशुवैद्य डॉक्टरांना फोन केला, हे नशीब.

त्यांनी रोगाचं एकही लक्षण विचारलं नाही. पहिला प्रश्न, "तापमापक कुठे टांगलाय?" मी सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, "तो काढा आणि भुशावर ठेवा. गोलाच्या मधे, कडेला आणि दाराकडच्या बाजूला, तीन ठिकाणी. पहाटे पाचला वाचा, आत्ता नको. आणि एक पिल्लू उचलून त्याचे पाय तुमच्या गालाला लावा."

पाय गालाला लावले. गार होते. एक, दोन, पाच, दहा पिल्लांचे लावून पाहिले. सहाचे पाय गार. माणसाच्या बोटांना ते नीट कळत नाही, गालाला किंवा मानेला लगेच कळतं. पाय गार असले की पिल्लू ज्या भुशावर उभं आहे तो गार आहे, इतका हा साधा हिशेब.

रात्री त्यांच्याच सांगण्यावरून २० पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी चाचपली. खाद्य आणि पाणी दोन्ही पोटात गेलेल्या पिल्लाची ही पिशवी भरलेली आणि मऊ लागते, भिजवलेल्या पिठासारखी. नुसतं खाद्य असेल तर कडक, नुसतं पाणी असेल तर फुग्यासारखी. पिल्लं आल्यापासून २४ तासांत शंभरातल्या ९५ पिशव्या भरलेल्या हव्यात. माझ्याकडे तिसऱ्या रात्री वीसपैकी सात रिकाम्या किंवा पाणचट होत्या. ही तपासणी पहिल्याच रात्री केली असती, तर हे प्रकरण बहुधा तिथेच मिटलं असतं. दहा मिनिटांचं काम आहे.

पहाटेचे आकडे असे आले: दिव्याच्या बरोबर खाली ३४, तिथून दीड फुटावर २२, दाराकडच्या कडेला भुशावर १५. बाहेर ११. दांडीवर दुसरा तापमापक मुद्दाम ठेवला होता, तो ३१. दिव्यांनी तापलेली हवा सरळ वर जात होती आणि मी तिचं तापमान मोजत होतो. दिव्याखाली जेमतेम ताटाएवढी जागा उबदार होती आणि त्यात १२० जण राहणार होते.

सिमेंटची जमीन हा दुसरा चोर. निरभ्र रात्री सगळंच लवकर निवतं, पण सिमेंट निवलं की दिवसभरात पुन्हा तापत नाही, विशेषतः सावलीतलं. वर दीड इंच भुसा म्हणजे पातळ चादर. माझे दिवे दोन तास आधी लागले होते. तेवढ्यात हवा तापते, भुसा वरवर तापतो, जमीन नाही. थंडीत खोली किमान २४ तास आधी तापवावी लागते, गारठा जास्त असेल तर ४८ तास, आणि पिल्लं सोडताना भुशाचं तापमान ३० च्या आसपास भरायला हवं. उन्हाळ्यात जमीन मुळातच २८-३० ला असते, त्यामुळे ही पायरी न करताही निभावलं होतं आणि मला वाटत होतं मला जमतंय.

चौथ्या दिवशी मांडणी बदलली. पिल्लं खोक्यांत भरून शेजारच्या खोलीत ठेवली, जमिनीवर जाड पुठ्ठा अंथरला, त्यावर चार इंच कोरडा भुसा. गोल दारापासून आतल्या कोपऱ्याकडे सरकवला. दाराच्या फटीला गुंडाळलेलं पोतं. तिसरा दिवा वाढवला, तोही वेगळ्या सर्किटवर, म्हणजे एक फ्यूज गेला तर सगळे विझू नयेत. प्रत्येक दिव्याला दोन साखळ्या, कारण भुशावर पडलेला इन्फ्रारेड दिवा म्हणजे आग. आणि सर्वांत जास्त फरक पाडणारी गोष्ट: गोलाच्या अर्ध्या भागावर, दिव्यांच्या वर, पातळ पत्र्याचं छत्र टांगलं, बाजूंनी मोकळं. वर निघून जाणारी ऊब तिथे अडली. अर्धा भाग मुद्दाम उघडा ठेवला. पिल्लाला ऊब देणं जितकं गरजेचं, तितकंच त्याला उबेतून बाहेर पडायला जागा ठेवणं. खुडूक कोंबडीही पिल्लांना सतत पोटाखाली धरून बसत नाही. ती फिरते, पिल्लं चरतात, गारठली की पंखात शिरतात. कधी शिरायचं हे पिल्लू ठरवतं.

त्या रात्री भुशावरचे आकडे छत्राखाली ३३, उघड्या कडेला २५. पहाटे पाचला गेलो तेव्हा पिल्लं छत्राच्या कडेने पसरून, मान भुशात टाकून झोपली होती. झोपलेल्या पिल्लाची ती मान पहिल्यांदा बघणाऱ्याला मेल्यासारखी वाटते. मी दोघांना हात लावून खात्री केली.

चिकटलेली विष्ठा काढणं हे वेगळं काम. ओढून काढायची नाही, कातडी निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून गोळा मऊ होऊ द्यायचा, हलकेच काढायचा, पुसून कोरडं करायचं, थोडं व्हॅसलीन लावायचं आणि पिल्लू पूर्ण सुकल्यावरच परत सोडायचं. ओलं पिल्लू गारव्यात सोडणं म्हणजे पहिलाच आजार परत देणं. एक सावधगिरी: गुदद्वाराच्या खाली, पोटाच्या बाजूला बेंबीची छोटी काळी खपली असते. नवखा माणूस तीच विष्ठा समजून खुडतो आणि पिल्लू गमावतो. १७ पैकी १४ वाचली.

तरीही चौथ्या दिवशी तीन गेली, पाचव्या दिवशी दोन. माझा धीर सुटायला आला, कारण आता तर सगळं ठीक होतं. डॉक्टर पाचव्या दिवशी आल्या आणि मेलेली दोन्ही पिल्लं माझ्यासमोर उघडली. दोघांच्या पोटात बलकाची पिशवी होती, एकात हरभऱ्याएवढी, दुसऱ्यात जवळजवळ बोराएवढी. पिवळी, वास नसलेली, आणि बेंबी नीट मिटलेली. बेंबीतून जंतू शिरले असते तर बेंबी सुजलेली, बलक पातळ आणि घाण वासाचा असता, असं त्यांनी दाखवून सांगितलं. "ही पिल्लं परवाच गेली होती," त्या म्हणाल्या, "मरायला आज वेळ मिळाला." अँटिबायोटिक दिलंच नाही. पाणी कोमट द्या, खाद्य छत्राच्या कडेलाच ठेवा, एवढंच.

पण शहाणपण आलं तेही जरा जास्तच आलं. थंडीचा धसका घेऊन मी दोन्ही खिडक्यांना वरपासून खालपर्यंत प्लॅस्टिक ठोकलं होतं. सहाव्या दिवशी सकाळी आत पाऊल टाकलं आणि डोळे चुरचुरले. काचांवरून पाणी ओघळत होतं, पाण्याच्या भांड्यांभोवतीचा भुसा चिखलासारखा, आणि तीन-चार पिल्लं डोळे मिटून बसलेली. आगीतून फुफाट्यात! माणसाच्या नाकाला अमोनिया कळायला लागतो तोवर पिल्लांच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रास सुरू झालेला असतो. ती तर विष्ठेपासून दोन इंचांवर श्वास घेतात. शिवाय ओल्या, उबदार भुशात कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाचे जंतू पोसले जातात, त्याचा भडका तिसऱ्या आठवड्यापासून पुढे उडतो. प्लॅस्टिक वरून एक फूट कापलं, समोरासमोर दोन्ही खिडक्यांना. आर्द्र, घाण हवा वरून निघते आणि वारा पिल्लांच्या अंगावर येत नाही. ओला भुसा घमेल्याने उचलून बाहेर, जागी नवा. त्या दिवशी एक गेलं, तेरावं आणि शेवटचं.

कोणी सुचवेल म्हणून सांगतो: वीज गेल्यावर बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो पिल्लू, माणूस असा भेद करत नाही. माझ्याकडे वीज एकदाच गेली, दीड तास. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून गोलात ठेवल्या आणि वरून चादर टाकली, कडेने हवेला जागा ठेवून. तेवढ्यावर निभावलं.

सातव्या दिवशी वीस पिल्लं एकेक करून तोलली. सर्वांत हलकं ४७ ग्रॅम, सर्वांत जड ७३. आली तेव्हा सगळी ३८ च्या आगेमागे होती. मला विचाराल तर या प्रकरणाचा खरा तोटा तेरा मेलेल्यांत नाही, या २६ ग्रॅमच्या फरकात आहे. लहान पिल्लांना मोठी खाद्यावरून ढकलतात, ती आणखी मागे पडतात. तिसऱ्या आठवड्यात २१ बारकी पिल्लं निवडून वेगळी करावी लागली, वेगळी भांडी, वेगळा दिवा. दोन गोल सांभाळायचे म्हणजे पहाटे दोनदा वाकायचं.

ऊब कमी करण्याचा नियम सगळ्यांना पाठ असतो: दर आठवड्याला अडीच-तीन अंश खाली, सहाव्या आठवड्यापर्यंत बिनदिव्याचं. वसंतात पिल्लं काढणाऱ्याला या नियमाला ऋतूची साथ मिळते. पिल्लाची गरज उतरते तशी रात्र गरम होत जाते आणि दोघं मधेच भेटतात. शरदात दोघं एकाच दिशेला उतरतात. माझ्या नोंदीत पहिल्या आठवड्यात गरज ३३ आणि पहाट ११, म्हणजे २२ अंशांची तूट. चौथ्या आठवड्यात गरज २४ पर्यंत आली होती, पण पहाट ७ वर गेली होती. तूट १७. महिन्याभराने पाचच अंशांची सुटका! म्हणून मी दिवसा नियमाप्रमाणे ऊब कमी करत गेलो, रात्री मात्र एक पायरी मागे राहिलो, आणि दिवे थर्मोस्टॅटला जोडले. दुपारी बंद करून संध्याकाळी विसरायचा प्रश्न मिटला. माझ्या स्मरणशक्तीवर मी त्या आठवड्यानंतर विश्वास ठेवला नाही.

शेवटचा दिवा ४५ व्या दिवशी काढला. पाठीवर, छातीवर, पंखांखाली सगळीकडे पिसं भरल्याची प्रत्येक पिल्लात खात्री करून. छातीखालची जागा सर्वांत उशिरा भरते आणि वरून दिसत नाही, पिल्लू उलटं करूनच बघावं लागतं. छत्र मात्र टांगलेलंच राहिलं होतं. त्या रात्री सगळी मोठी खोली मोकळी असताना पन्नासेक पिल्लं थंड छत्राखाली जाऊन नेहमीच्या गोलात बसली. दोन आठवडे ती तिथेच झोपत होती.